धाकटा लहानपणीच गेला

चरित्रपटांची परीक्षणं लिहायचं काम माझ्याकडे आलं ते मी इतिहासाची जाणकार होते म्हणून नव्हे, तर ते दुसऱ्या कुणालाच नको होतं म्हणून. सिंगापूरमधल्या भारतीयांसाठी निघणाऱ्या एका इंग्रजी साप्ताहिकात मी लागले, तेव्हा प्रेमाचे, मारामारीचे, नाचगाण्यांचे सिनेमे आधीच्या मंडळींनी आपसांत वाटून घेतले होते. उरले होते ते थोरामोठ्यांच्या आयुष्यावरचे. ते लांब असत, त्यांत हसायला काही नसे आणि परीक्षण छापून आलं की ऑफिसात फोन येत. आमचे संपादक पिल्लै जन्माने इथलेच, तमिळ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या टेबलावर एक पास ठेवला आणि म्हणाले, "यू मराठी पीपल लाइक हिस्ट्री, राइट? यू टेक, लाह." इथल्या इंग्रजीत वाक्याच्या शेपटाला हा 'लाह' असतोच.

मी घेतला, आणि पुढची वीसेक वर्षं घेतच राहिले.

आता परीक्षणासाठी सिनेमा ईमेलने येतो. लिंक उघडायची, सोफ्यावर बसायचं, मधेच कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. त्या काळी पत्रकारांसाठी सकाळी खास खेळ लावत. मरीन परेडहून बस पकडून मी जायची. चारशे माणसांच्या थिएटरात आम्ही पाच-सहा जण, आणि एसी मात्र चारशे माणसांचा. माझ्या पर्समध्ये कायम शाल असे. पडद्यावर राजस्थानचं वाळवंट तापलेलं असायचं आणि मी कानाला शाल गुंडाळून कुडकुडत असायची. खेळ संपला की तमिळ रेडिओवरची एक बाई आणि मी समोरच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला बसायचो. ती एकच प्रश्न विचारायची, "रडलीस का?" मी हो म्हटलं की तिचं परीक्षण निम्मं तयार व्हायचं.

माझा मुलगा तेव्हा शाळेत होता. त्याला माझ्या नोकरीचं कोडं पडलेलं असे. "आई, द हीरो शुअर डाय वन. व्हाय यू स्टिल गो सी?"

बाहेरच्या लोकांना वाटतं, चरित्रपटाचं परीक्षण म्हणजे चुका काढणं. पगडी चुकली, तोफ चुकली, सन चुकला. तशा चुका काढणारे वाचक मला खूप भेटले. एका सेनापतीवरच्या सिनेमानंतर एका गृहस्थांचा फोन आला. "बाई, सेनापतींचा घोडा पांढरा नव्हता."

"मग कोणता होता?"

"ते माहीत नाही. पण पांढरा नव्हता, हे तुम्ही लिहायला हवं होतं."

दुसरे एक पुण्याचे इंजिनिअर हॉकर सेंटरमध्ये हातात ट्रे घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "तुम्ही आमच्या सेनापतींना कंटाळवाणं म्हणालात."

"सिनेमाला म्हणाले हो."

"एकच ते," असं म्हणून ते दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसले, ते माझ्याकडे पाठ करून.

माझं म्हणणं असं की घोड्याच्या रंगाने फारसं बिघडत नाही. सत्तर वर्षांचं आयुष्य अडीच तासांत बसवायचं तर कात्री लागणारच. बघायचं असतं ते हे, की कापलं काय आणि त्या जागी शिवलं काय. थोर माणूस आणखी थोर दिसावा म्हणून त्याच्या घरातल्यांना सर्रास लहान केलं जातं. बायको कटकटी होते, भाऊ मत्सरी होतो, मित्र दगाबाज निघतो. मुख्य माणसाकडे सगळेच बघतात. मी या बाजूच्या माणसांकडे बघायला शिकले. त्यांची बाजू मांडायला कुणी नसतं, आणि त्यांची मुलंनातवंडं कुठेतरी जिवंत असतात.

कुठेतरी म्हणजे किती जवळ, ते मला एका सिनेमाने दाखवलं.

तो सिनेमा बेचाळीसच्या चळवळीतल्या एका मराठी बाईंवर होता. खानदेशात सगळा मुलूख त्यांना अक्का म्हणे, म्हणून मीही तेवढंच म्हणते. नवरा तुरुंगात, आणि अक्का स्वतः भूमिगत राहून गावोगाव निरोप आणि पत्रकं पोचवत होत्या. स्वातंत्र्यानंतर त्यांनी आदिवासी मुलींसाठी शाळा काढल्या. सिनेमा चांगला होता. त्यातल्या एका प्रसंगासाठी तर भारतात लोक तो दुसऱ्यांदा बघत होते. अक्कांचा पाच वर्षांचा धाकटा मुलगा दत्तू तापाने फणफणलेला असतो. पोलीस घरावर पाळत ठेवून असतात, त्यामुळे अक्कांना येता येत नाही. शेवटी त्या गवताचा भारा डोक्यावर घेऊन, मजुरणीच्या वेशात घरी पोचतात, तेव्हा दत्तू गेलेला असतो. त्या भारा खाली टाकतात, पोराला मांडीवर घेतात आणि रडतात. पार्श्वसंगीत बंद. नुसतं रडणं.

पत्रकारांच्या खेळाला मीही रडले. परतीच्या बसमध्ये पहिला परिच्छेद मनात तयार झाला.

दुसऱ्या दिवशी मुग्धाचा फोन आला. मुग्धा महाराष्ट्र मंडळातली माझी ओळखीची. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत नोकरी आणि घर बुकित बातोकला, म्हणजे बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रोजचा प्रवास. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी, आई वारल्यावर, धुळ्याहून तिच्याकडे राहायला आले होते. गणपतीत मी त्यांना पाहिलं होतं. पांढरा शर्ट, ताठ पाठ, आरतीला सगळ्यांत मागे उभे.

"शुभाताई, तुम्ही तो अक्कांचा सिनेमा बघितलात ना? त्यात दत्तू मरतो का हो? ट्रेलरमध्ये तसं वाटलं."

"मरतो ना. तोच तर सगळ्यांत मोठा प्रसंग आहे. का गं?"

ती म्हणाली, "तो दत्तू म्हणजे माझे बाबा. आत्ता गॅलरीत कढीपत्त्याला पाणी घालतायत."

मी त्याच दुपारी बुकित बातोकला गेले. मुग्धा संतापलेली होती. तिला वकिलाची नोटीस पाठवायची होती. येत्या रविवारी मंडळाने त्या सिनेमाचा खास खेळ ठेवला होता, दिग्दर्शक स्वतः पुण्याहून येणार होता. तिथे भर सभेत उभं राहून विचारायचं, असा तिचा बेत होता. दत्ताकाका मात्र माझ्यासाठी चहा गाळत होते. ऐंशीच्या घरातले, पण हात अगदी स्थिर.

"काका, तुम्ही अक्कांचे चिरंजीव, हे कधी बोलला नाहीत," मी म्हटलं.

"कुणी विचारलंच नाही. आडनाव वेगळं आहे ना."

मग त्यांनी सांगितलं. तापाचं खरं होतं. विषमज्वर झाला होता आणि घरात बघणारं कुणी नव्हतं. अक्कांची धाकटी बहीण बैलगाडी करून आली आणि त्यांना धुळ्याला घेऊन गेली. तिला मूलबाळ नव्हतं. पोर वाचलं, आणि मग तिथेच राहिलं. पुढे मावशीच्या यजमानांनी रीतसर दत्तक घेतलं. थोरला भाऊ आजोबांकडे वाढला. चळवळ संपली, स्वातंत्र्य आलं, पण अक्कांचं काम संपलं नाही, आणि दत्तू काही परत गेला नाही.

"अक्का यायच्या का भेटायला?"

"यायची की. वर्षा-दोन वर्षांतून एकदा. ओसरीवर बसायची. अभ्यास कसा चाललाय, पाढे येतात का, विचारायची. मी धडाधड म्हणून दाखवायचो. मावशी म्हणायची, अक्का, पानं घेते, जेवून जा. की ही लगेच चपला घालायची. एकदासुद्धा जेवायला थांबली नाही." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "घाई असायची तिला. माणसं वाट बघत असायची."

हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. तक्रार नव्हती. पण मुग्धा खिडकीबाहेर बघत होती, आणि हे वाक्य तिने लहानपणापासून बरेचदा ऐकलं असावं असं मला वाटलं.

"बाबा, रविवारी तुम्ही येऊ नका. मी बघते काय करायचं ते," ती म्हणाली.

"मी नाही तर कोण येणार? मला बघू तर दे, मेलो कसा ते," काका म्हणाले.

इकडे माझी वेगळीच अडचण झाली. परीक्षण शुक्रवारी द्यायचं होतं. मी पिल्लैंना सगळं सांगितलं. ते खुर्चीतून उठले. "द डेड बॉय इज अलाइव्ह? इन बुकित बातोक? फ्रंट पेज, लाह! फोटो, इंटरव्ह्यू, एव्हरीथिंग!" त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. सिनेमात धडधडीत खोटं होतं आणि ते मला माहीत होतं. वाचकांना ते न सांगणं म्हणजे माझ्या कामाशीच बेइमानी. पण बातमी झाली की त्या ताठ पाठीच्या माणसामागे कॅमेरे लागणार, आणि पहिला प्रश्न ठरलेला: आईने टाकलं म्हणून वाईट वाटतं का? मी पिल्लैंकडे रविवारपर्यंतची मुदत मागितली. त्यांनी कुरकुरत का होईना, दिली. त्या अंकात माझ्या जागी एक साड्यांची जाहिरात गेली.

रविवारी दुपारी थिएटर भरलेलं होतं. कोण मरीन परेडहून, कोण वुडलँड्सहून आलेलं. बायका नटून, मुरडून. विद्यापीठात शिकणारी मुलं मागच्या रांगांत. मुग्धा, मधे काका, त्यांच्या पलीकडे मी.

मी पडद्याकडे बघितलंच नाही, काकांकडे बघत होते. ताप चढला. लहानगा दत्तू "आई, आई" करू लागला. काकांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. दत्तू गेला. थिएटरात नाकं ओढल्याचे आवाज सुरू झाले. मग ती नटी भारा टाकून आत आली, पोराला मांडीवर घेतलं आणि रडू लागली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून आमच्याकडे टिश्यूचं पाकीट धरलं. काकांनी ते घेतलं, माझ्याकडे दिलं. नजर पडद्यावरच. वाकून मला हळूच म्हणाले, "पुढे अजून रडते का?"

"हो, अजून थोडा वेळ," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि परत ताठ बसले. पुढे स्वातंत्र्य आलं, शाळा निघाल्या, टाळ्या झाल्या. त्यातलं काही त्यांनी पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही.

नंतर दिग्दर्शक मंचावर आला. चाळिशीचा, दाढीवाला, बोलायला नम्र. प्रश्नोत्तरं सुरू झाली. मुग्धाचा हात वर जायला लागला, तेव्हा काकांनी तिचं मनगट धरलं. "इथे नको. त्याच्या कामाचा दिवस आहे."

बाहेर समोसे आणि चहा होता. दिग्दर्शकाभोवतीची फोटोवाली गर्दी पांगेपर्यंत काका भिंतीशी उभे राहिले. मग पुढे गेले. मी आणि मुग्धा मागोमाग.

"नमस्कार. मी दत्तू," काका म्हणाले.

दिग्दर्शक हसला. त्याला वाटलं, कौतुक करण्याची ही एक तऱ्हा असावी. "थँक यू, काका. त्या छोट्याने फारच छान काम केलंय."

"नाही हो. मी खरा दत्तू. अक्कांचा धाकटा."

दिग्दर्शकाचा चहाचा कप तिथल्या तिथे थांबला. त्याने मुग्धाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. त्याचा चेहरा उतरला. "पण... आम्ही तुमच्या थोरल्या वहिनींना भेटलो होतो. घरच्यांपैकी त्याच तेवढ्या बोलू शकत होत्या. त्यांनी स्वतः सांगितलं आम्हाला. म्हणाल्या, धाकटा लहानपणीच गेला."

"गेलोच होतो," काका म्हणाले. "धुळ्याला."

मुग्धाला आधी हसू फुटलं, आणि त्याच दमात रडू. आठवडाभर साठवलेला राग त्या एका शब्दाने पार विस्कटून टाकला. घरात इतकी वर्षं सगळे तसंच म्हणत आले होते, दत्तू गेला, म्हणजे मावशीकडे गेला. सिनेमा लिहिणाऱ्या पुण्याच्या तरुण लेखकाने त्याचा जो अर्थ आपल्याकडे लावतात तो लावला. वहिनींना पुन्हा विचारायचं राहून गेलं, आणि सिनेमा पूर्ण व्हायच्या आधीच त्या वारल्या.

दिग्दर्शक माफी मागत होता. प्रसंग काढतो म्हणाला, पाटी टाकतो म्हणाला, तुम्ही सांगाल ते करतो म्हणाला. काकांनी हाताने त्याला थांबवलं. "ते बघू नंतर. मला एक सांगा. ती रडली, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," तो म्हणाला, आणि खरं बोलला म्हणून मला तो आवडला. "उलट सगळे म्हणायचे, अक्कांना कुणी रडताना पाहिलं नाही. ते आम्ही लिहिलं. मुलगा गेल्यावर आई रडणारच, असं धरून."

"बरोबर आहे," काका म्हणाले. आवाजात काही नव्हतं. ते वळायला लागले.

"पण एक गोष्ट होती, काका," दिग्दर्शक म्हणाला. "आम्ही सिनेमात घेतली नाही. सातपुड्याच्या पायथ्याला एका घरात अक्का बरेच महिने लपून होत्या. त्या घरातली एक म्हातारी आम्हाला भेटली. ती तेव्हा लहान होती. ती म्हणाली, अक्का आमच्याशी खेळायच्या, गोष्टी सांगायच्या, पण आम्ही पोरं जेवायला बसलो, की उठून गोठ्यात जायच्या. आमची जेवणं झाल्यावरच परत यायच्या. तिच्या आईने एकदा विचारलं, तर म्हणाल्या, मुलं जेवताना मला बघवत नाहीत. तेवढंच. पडद्यावर त्यात काही घडत नाही ना, म्हणून..."

"परत सांगा," काका म्हणाले.

त्याने परत सांगितलं.

भोवती लोक समोसे खात होते, मुलं धावत होती. काका मुग्धाकडे वळले, आणि ज्या आवाजात पाढे म्हणत असतील त्या आवाजात म्हणाले, "मुग्धा, तिला घाई नव्हती गं."

मुग्धाने त्यांना धरलं. काकांची ती ताठ पाठ पहिल्यांदा वाकलेली मी पाहिली. दिग्दर्शक बिचारा काही न कळून माझ्याकडे बघत होता. ओसरीवरच्या त्या भेटी आणि मावशीने घेतलेली पानं त्याला माहीत नव्हती. मी त्याला बाजूला नेऊन सांगितलं. तो तिथेच पायरीवर बसला.

सोमवारी मी काकांना फोन केला. "परीक्षणात काय लिहू?"

"तुमचं काम आहे, तुम्ही ठरवा."

"मुलगा वाचला, हे मला लिहावं लागेल, काका."

"लिहा की. वाचलो तर आहेच. फक्त कोण, कुठे, ते नको. आणि गोठ्याचंही नको. ते माझ्याकडे राहू दे."

मी तसंच केलं. सिनेमाचं कौतुक केलं, नटीचं केलं, आणि स्पष्ट लिहिलं की अक्कांचा धाकटा मुलगा प्रत्यक्षात त्या तापातून बरा झाला आणि दीर्घायुषी झाला. पिल्लैंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि पुसत बसले. "नो फ्रंट पेज?" त्यांनी विचारलं. "नो," मी म्हटलं. "ओके, लाह," ते म्हणाले, आणि ते परीक्षण नेहमीच्याच पानावर, नेहमीच्याच जागी छापलं. त्यावर एकही फोन आला नाही. दिग्दर्शकाने सिनेमाच्या शेवटी तसं सांगणारी एक पाटी टाकली. आणि आता काका स्वतःच म्हणाले की सगळ्यांना सांगा, म्हणून गोठ्याचंही मी इथे लिहिते आहे.

ते साप्ताहिक पुढे बंद पडलं. पिल्लै मुलाकडे मेलबर्नला गेले. रेडिओवरच्या बाईशी अजून कधीमधी कोपी होते, पण रडलीस का असं विचारायला सिनेमा एकत्र पाहिलेला असावा लागतो.

बुकित बातोकला मात्र मी जाते. काका आता सहसा बाहेर पडत नाहीत. मुग्धाने त्यांना तो सिनेमा घरच्या टीव्हीवर लावून दिला आहे आणि रिमोट कसा चालवायचा ते शिकवलं आहे. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा तो प्रसंग चालू होता. पडद्यावर छोटा दत्तू निपचित पडलेला. मुग्धाची मुलगी तन्वी कॉलेजातून आली, बॅग खाली टाकून म्हणाली, "आजोबा, यू डाय ऑलरेडी, स्टिल वॉचिंग आह?" आणि टीव्ही बंद करायला तिने हात पुढे केला.

"थांब गं," काका म्हणाले. "अजून ती यायची आहे."